कार्बोरेटरमधून फटाके! गवत कापायचं मशीन सुरूच होईना, कार्बोरेटर तीनदा साफ करून झालाय

बागबगीचा
नमस्कार मंडळी. इंदूरला राजेंद्र नगरात आमच्या कॉलनीची छोटी बाग आहे, तिथलं गवत कापायचं मशीन गेले पंधरा दिवस बंद आहे आणि मला आता खरंच काही सुचत नाहीये म्हणून इथे लिहितोय. पेट्रोलवरचं, चारस्ट्रोक, उभ्या शाफ्टचं, साधारण 160 सीसी. दोरी ओढली की दोनदा काहीच होत नाही, तिसऱ्यांदा कार्बोरेटरमधून (पेट्रोल आणि हवा मिसळतो तो भाग) 'फट्' करून आवाज, फिल्टरच्या डब्यातून धूर, आणि दोरी हातातून हिसकून आत जाते. परवा फिल्टरचा फोम काढला तर एक कड जळून पापडासारखी कडक झालेली! कधी सुरू झालंच तर दहा-पंधरा सेकंद धडधडतं, फटफट करतं आणि बंद.

आतापर्यंत नवा प्लग टाकला, ताजं पेट्रोल भरलं, कार्बोरेटर तीनदा उघडून साफ करून घेतला. शेवटच्या वेळी मिस्त्री म्हणाला, "भिया, अब तो पूरा कार्बोरेटर ही बदलना पड़ेगा." बदलायला ना नाही, पण पैसे कॉलनीच्या वर्गणीतले आहेत, आणि बदलूनही हेच झालं तर लोकांना काय सांगू? पावसाळ्यानंतर गवत गुडघ्याच्या वर गेलंय, साप-किरडाच्या भीतीने बायका पोरांना बागेत सोडत नाहीत, आणि दिवाळी पहाटेचा कार्यक्रम तिथेच करायचाय. उलटा फायर नेमका कशामुळे होतो हे कसं शोधायचं?

पोहेजिलबी
यंदा तुमच्या कॉलनीला फटाक्यांची वर्गणी काढायला नको :)
मजा सोडा, पण दोरी ओढताना तोंड फिल्टरपासून लांब ठेवा हो. आमच्या शेजाऱ्यांच्या भुवया गेल्या होत्या अशाच.

मुरारकर
कार्बोरेटर-बिरबोरेटर काही नाही, पेट्रोलचा दोष आहे. हे ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून ग्वाल्हेरात माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाची जुनी गाडी कुरकुर करून राहिलीय. इथेनॉल पाणी ओढतं, टाकीच्या तळाला पाणी साचतं, तेच जेटमध्ये (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) जातं. पेट्रोल पूर्ण काढून टाका आणि बघा.

पानापक्कड
मी पीथमपूरला वर्कशॉपमध्ये आहे, घरी पण लोकांची छोटी इंजिनं येत असतात. बागबगीचा, कार्बोरेटर विकत घेऊ नका अजून. तीनदा साफ करून फरक शून्य, मग चौथ्यांदा तिकडेच का जायचं?

आधी एक बघा, आवाज नक्की कार्बोरेटरमधूनच येतो ना? सायलेन्सरमधून 'ठो' झालं तर गोष्ट वेगळी, तिथे न जळलेलं पेट्रोल बाहेर जाऊन पेटतं. कार्बोरेटरमधून फट् होतं याचा अर्थ आत आग आहे आणि त्याच वेळी इनटेक वॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारी झडप) उघडा आहे, किंवा पूर्ण बसलेला नाही. असं होण्याची कारणं मोजकीच असतात. एक म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. असं पातळ मिश्रण हळू जळतं, एक्झॉस्टचा स्ट्रोक संपला तरी आत धग उरते आणि इनटेक उघडला की आत येणारं नवीन हवा-पेट्रोल तिथेच पेटतं. दुसरं, स्पार्क भलत्या वेळी पडतोय. तिसरं, इनटेक वॉल्व्हच गळतोय, टॅपेट (वॉल्व्ह ढकलणारा भाग) टाइट झालाय किंवा सीटवर कार्बन आहे.

यातलं कुठलं ते पाना न लावता बरंचसं कळतं. चोक (हवा कमी करणारी पट्टी) अर्धा ओढून सुरू करायचा प्रयत्न करा. अर्ध्या चोकवर बरं चाललं तर पेट्रोल कमी पडतंय, मग जेट, फ्लोट, पॅकिंग हे बघायचं. अर्ध्या चोकवरही तसंच फटफटलं तर कार्बोरेटरला बिचाऱ्याला सोडा. करून सांगा, मग पुढचं बोलू.

क्षिप्रा_काठ
पानापक्कड दादा बरोबर बोलतायत, पण "कार्बोरेटरला सोडा" म्हणायच्या आधी तो इंजिनला जिथे जोडतो ती जागा बघा. सांवेरकडे आमची शेती आहे, बटाट्याला पाणी द्यायला दोन इंची पेट्रोल पंप आहे. मागच्या वर्षी त्याचा कार्बोरेटर साफ करून आणला आणि त्या दिवसापासूनच उलटं फटफटायला लागला, म्हणजे साफ करायच्या आधी तो बरा होता! मी दोन दिवस जेटमध्ये तार घालत बसले. शेवटी यजमान म्हणाले, कार्बोरेटर आणि इंजिनच्या मध्ये तो काळा बेकलाइटचा ठोकळा आहे ना, त्याच्या दोन्ही बाजूंना कागदी पॅकिंग असतं ते बघ. बघितलं तर एक पॅकिंग बोल्टच्या भोकापाशी फाटलेलं, दुसरं उलटं बसवलेलं. तिथून हवा आत जात होती, ती कार्बोरेटरला माहीतच नाही, तो आपला तेवढंच पेट्रोल देतोय.

तपासायला इस्त्रीचा पाण्याचा फवारा घ्या. इंजिन चालू असताना जोडावर बारीक फवारा मारा, आवाज क्षणभर बदलला की हवा तिथूनच जातेय. लोक कार्ब क्लीनर मारतात पण तो पेट घेतो, आणि ज्या इंजिनातून आग बाहेर येतेय तिथे तर अजिबात नको.

आरेक्स_प्रेमी
माझ्या यामाहा आरएक्स 100 मोटरसायकलला हाच त्रास होता, रीड वॉल्व्हच्या (आत गेलेलं मिश्रण उलटं येऊ न देणाऱ्या पातळ पाकळ्या) पाकळीचा कोपरा तुटलेला निघाला. रीड ब्लॉक काढून उजेडाकडे धरला तर फटीतून पलीकडचं दिसत होतं. नवीन पाकळ्या टाकल्या, एका किकमध्ये चालू. रीड बघा.

पानापक्कड
आरेक्स_प्रेमी, त्यांचं चारस्ट्रोक आहे, त्याला रीड नसतो. पण टूस्ट्रोकवाल्यांनी तुमची पोस्ट जपून ठेवावी, कारण तिथे कार्बोरेटरमधून पेट्रोल उलटं उडतं तेव्हा पहिला संशय रीडवरच जायला पाहिजे.

बडोदेकर_सून
आमचं बडोद्याचं सांगते. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायटीत शिरलं तेव्हा होंडाच्या जीएक्स 160 इंजिनचा जनरेटर रात्रभर पाण्यात होता. वाळवलं, ऑइल दोनदा बदललं, सुरू झाला पण कार्बोरेटरमधून सारखा फुसफुस-फट्. सगळे म्हणाले कार्बोरेटरमध्ये गाळ. गाळ होताच, पण तो काढल्यावरही फट् गेलं नाही. माझ्या दिरांनी वरचं झाकण उघडून टॅपेट मापले. मॅन्युअलमध्ये थंड इंजिनला इनटेक 0.15 आणि एक्झॉस्ट 0.20 मिमी दिलंय, आमच्या इनटेकला फट मोजायचं 0.05 चं पातं पण जाईना. आणि सीटवर गंज. हेड काढून, पेस्ट लावून वॉल्व्ह घासला, गॅप लावला, आज तो जनरेटर गणपतीच्या मांडवात चालतो. तर वॉल्व्ह विसरू नका.

मुरारकर
तुम्ही सगळे मोठमोठं सांगताय, पेट्रोल बदलून बघणं सर्वात स्वस्त नाही का?

टिळकनगरचा_इंजिनिअर
मुरारकर काका, स्वस्त आहे, म्हणून करून बघायलाच पाहिजे. काचेच्या बाटलीत टाकीच्या तळाचं पेट्रोल काढून तासभर ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर तुमचं म्हणणं खरं. आणि ई20 चा परिणाम आहेच थोडा. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पटच. म्हणजे त्याच जेटमधून ई20 गेलं की मिश्रण थोडं पातळ होतं. जे इंजिन आधीच पातळ सेट केलंय ते थंडीत कुरकुरणारच. पण हा फरक दोरी हातातून हिसकून घेण्याइतका नसतो. बागबगीचांनी ताजं पेट्रोल भरलंय असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

जुनाबुलेटवाला
मी पासष्टचा झालो, चाळीस वर्षं कास्ट आयर्न बुलेट चालवली, अजूनही रामबागेतून राजवाड्याला तिच्यावरच जातो. मला या धाग्यात एकाच शब्दाने कान टवकारले. "दोरी हातातून हिसकून आत जाते." त्यांनी एका ओळीत सांगून टाकलं आणि कुणी तिकडे लक्ष दिलं नाही.

बुलेटवाल्याला विचारा किक उलटी येणं म्हणजे काय. पॉइंट (स्पार्क पाडणारा स्विच) वेळेआधी उघडला, स्पार्क लवकर पडला, की पिस्टन वर येतोय तोवरच वरून धडाका होतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो, इंजिन उलटं फिरतं, किक घोट्यावर. 1989 साली अशाच किकने माझा घोटा तीन आठवडे सुजला होता, हळद-तुरटीचे लेप लावून बसलो होतो. तेव्हाच कार्बोरेटरमधून भडका पण आला होता. पेट्रोल कमी असलं तर इंजिन रडतं, फुसफुसतं, पण हात ओढत नाही. हात ओढतोय तो टाइमिंगचा, म्हणजे स्पार्क पडायच्या वेळेचा दोष. माझं ऐका, टाइमिंग बघा.

टिळकनगरचा_इंजिनिअर
बुलेटवाले काका, हे फार नेमकं सांगितलंत. मी इथल्या एसजीएसआयटीएस कॉलेजात मेकॅनिकलला होतो तेव्हा लॅबमध्ये हे शिकलो पण असं कुणी घोट्यावरून समजावलं नव्हतं.

इनटेक वॉल्व्ह पिस्टन तळाशी पोचल्यावर लगेच बंद होत नाही, पिस्टन परत वर निघाल्यावर थोड्या वेळाने बंद होतो. आता स्पार्क फार लवकर पडून इंजिन उलटं ढकललं गेलं की तोच वॉल्व्ह उलट्या फेरीत परत उघडतो, आणि आतला जळता गॅस सरळ कार्बोरेटरमधून बाहेर. हिसका, फट् आणि जळका फोम, तिन्हींचा मेळ लागतो. स्पार्क फार उशिरा पडला तरी कार्बोरेटरमधून फट् होऊ शकतं, कारण या मॅग्नेटवाल्या इंजिनांत स्पार्क प्रत्येक फेरीला पडतो, कामाचा एकच आणि दुसरा एक्झॉस्टच्या शेवटी फुकट. उशीर झाला की तो फुकटचा स्पार्क इनटेक उघडताना पडतो. पण तेव्हा हात ओढत नाही.

पोहेजिलबी
पण या मशीनला पॉइंट कुठे असतात? टाइमिंग बदलेल कसं? स्क्रू तर नसतो काही.

पानापक्कड
पोहेजिलबी, प्रश्न एकदम योग्य. नवीन इंजिनांत टाइमिंग लावायला काही नसतं. मॅग्नेट म्हणजे ते पंखे असलेलं चाक शाफ्टवर एका चावीने (दोघांच्या खाचेत बसणारा छोटा धातूचा तुकडा) बसतं, स्पार्कची वीज देणारी कॉइल बाजूला फिक्स. चाक शाफ्टवर जागेवर असेल तर टाइमिंग बरोबरच. बदलायचं असेल तर चाकच सरकायला पाहिजे.

बागबगीचा, चोकचं काय झालं? आणि हे पण सांगा, बंद पडायच्या आधी ब्लेड कशाला आपटलं होतं का? या मशीनमध्ये ब्लेड थेट शाफ्टवर असतं, मध्ये पट्टा नाही, क्लच नाही.

क्षिप्रा_काठ
चावीवरून आठवलं, आमच्याकडे तिला किल्ली म्हणतात. एकदा सालदाराला म्हटलं "मॅग्नेटची किल्ली आण", त्याने कपाटाची किल्ली आणून दिली.

बडोदेकर_सून
बडोद्यात दुकानात "चावी" मागितली तर कुलपाचीच काढतात, "वुडरफ" हे तिचं इंग्रजी नाव म्हटलं की लगेच देतात. इंदूरला काय म्हणतात?

पानापक्कड
सियागंजात "मॅग्नेट की चाबी" म्हणा, माप सांगा, मिळते. जुनी सोबत न्यावी हे उत्तम.

बागबगीचा
तुम्हा सगळ्यांचे आभार, इतक्या लोकांनी मनापासून लिहिलं याचं खूप बरं वाटलं. सांगितल्याप्रमाणे केलं.

तळाचं पेट्रोल बाटलीत रात्रभर ठेवलं. मुरारकर काका, थर नाही, स्वच्छ. अर्ध्या चोकवर काहीच फरक नाही, तसंच फट्. जी दहा सेकंदं चाललं त्यात फवारा मारून बघितला, आवाज बदलला नाही. प्लग काढला तो ओला, टोकाला बदामी-काळपट.

ब्लेडचं मी इथे लिहिलं नव्हतं कारण मला माहीतच नव्हतं. पानापक्कडांचा प्रश्न वाचून माळीदादांना विचारलं. ते आधी गप्प बसले. मग म्हणाले, गवतात जुन्या फवाऱ्याच्या लोखंडी पाइपाचा तुकडा होता, तो दिसला नाही, 'खट्' झालं आणि मशीन जागच्या जागी थांबलं, त्यानंतर सुरूच झालं नाही. पैसे कापतील म्हणून बोलले नाहीत. मला खूप वाईट वाटलं, आमच्या बागेचं सगळं तेच बघतात. मी सांगितलं की एक रुपया कापला जाणार नाही, तो पाइप आम्हीच काढून टाकायला हवा होता.

जुनाबुलेटवाला
शाब्बास! आता मॅग्नेट काढा.

पानापक्कड
हेच. ब्लेड जागच्या जागी थांबलं म्हणजे शाफ्ट थांबला, पण वरचं मॅग्नेट जड असतं, ते फिरण्याच्या जोरात थोडं पुढे जातं आणि चावी कापते. मॅग्नेट पुढे गेलं म्हणजे स्पार्क लवकर. बुलेटवाल्या काकांचं निदान.

काम करताना सर्वात आधी प्लगची टोपी काढून लांब ठेवा, ब्लेड हलवताना इंजिन पेटलं तर बोटं जातील. मशीन कलवायचं तर कार्बोरेटरची बाजू वर राहील असं, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं. नट सैल केला की पुलर (मॅग्नेट ओढून काढायचं हत्यार) लावा, पुलर नसेल तर भाड्याने आणा, पण स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका आणि शाफ्टच्या टोकावर हातोडा मारू नका. नट काढल्यावर वरूनच दिसेल, शाफ्टची खाच आणि मॅग्नेटची खाच समोरासमोर आहे का.

टिळकनगरचा_इंजिनिअर
सरकली असेल तर किती ते मोजा प्लीज. शाफ्ट तिथे 20 मिमीचा धरला तर 2 मिमी सरकणं म्हणजे साधारण 11 डिग्री. छोट्या इंजिनचा स्पार्क टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर पोचतो ती जागा) 20-25 डिग्री आधी असतो, त्यात 11 ची भर पडली तर हाताने ओढताना हिसका बसणारच.

मुरारकर
मान्य, माझा पेट्रोलचा मुद्दा इथे लागू नाही. पण पावसाळ्यात टाकी रिकामी करून ठेवा हे मी सांगतच राहणार.

बागबगीचा
मंडळी, झालं!!

आज सकाळी माळीदादा, मी आणि शेजारचा बारावीतला मुलगा, तिघं बसलो. पुलर एका ओळखीच्या गॅरेजमधून आणला. दोरीचं कव्हर काढलं, नट सोडवला आणि वरून टॉर्च मारला. शाफ्टची खाच एकीकडे, मॅग्नेटची खाच किंचित पुढे, मध्ये एक पायरी! मुलगाच आधी ओरडला, "काका, ही वाकडी आहे." मॅग्नेट 'टक्' करून सुटलं. चावी बाहेर काढली तर मधोमध कापत आलेली, दोन तुकडे अजून एका बाजूने चिकटलेले, जणू कुणी अर्धं बिस्किट सरकवून ठेवलंय. फूटपट्टीने बघितलं तर जेमतेम 2 मिमी.

नवीन चावी सियागंजातून आणली, 35 रुपये. शाफ्टचा निमुळता भाग आणि मॅग्नेटचं भोक कोरड्या फडक्याने पुसलं. गॅरेजवाल्यांनी एक सांगितलं ते मला आवडलं, मॅग्नेटला चावी धरून ठेवत नाही, तो निमुळता भाग धरतो, चावी फक्त जागा दाखवते, म्हणून नट नीट आवळला पाहिजे. त्यांच्या टॉर्क पान्यानेच आवळून घेतला. कॉइल आणि मॅग्नेटच्या मध्ये व्हिजिटिंग कार्ड घालून गॅप लावला. फोम नवीन.

माळीदादांनीच दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला सुरू. फट् नाही, हिसका नाही, नेहमीचा आवाज. ते पाच मिनिटं नुसते हँडल धरून उभे होते.

आरेक्स_प्रेमी
वा! 35 रुपयांत. नवीन कार्बोरेटर बसवला असता तरी फट् तसंच राहिलं असतं.

क्षिप्रा_काठ
माळीदादांनी खरं सांगितलं म्हणून सापडलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

पोहेजिलबी
मग दिवाळी पहाट नक्की? सराफ्यात गराडू (तळलेले कंद) निघाले असतील, कार्यक्रमानंतर खायला बोलवा :)

बागबगीचा
नक्की, सगळ्यांना आमंत्रण. गराडू माझ्याकडून, वर जिरावन मसाला भरपूर. पाइपाचा तुकडा आज खणून काढला, पाऊण फूट होता.

जुनाबुलेटवाला
एक राहिलं. ब्लेड बघितलं का? एवढा मार बसला म्हणजे ब्लेड वाकलं असेल किंवा शाफ्ट. मशीन चालू असताना हँडल जास्त थरथरतंय का?

बागबगीचा
थोडं थरथरतंय, मी गवत खूप दाट आहे म्हणून समजत होतो.

पानापक्कड
मग अजून गवत कापू नका. प्लगची टोपी काढून ब्लेड सोडवा, मधलं भोक भिंतीतल्या खिळ्यावर अडकवा. एक बाजू खाली गेली तर जड बाजू घासायची, वाकलं असेल तर सरळ करत बसू नका, नवीन घ्या. शाफ्टसाठी ब्लेडचं एक टोक जमिनीपासून किती उंच ते मोजा, अर्धी फेरी हाताने फिरवून दुसरं टोक त्याच जागी आणून मोजा.

बागबगीचा
ब्लेड काढलं. खिळ्यावर टांगलंय, डावी बाजू खाली जातेय. शाफ्टचं माप उद्या उजेडात घेतो आणि इथे लिहितो.